साखर, रबर आणि कवळी

भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय आइस्क्रीमच्या गल्ल्यावर उभं राहिलं. डॉ. रफिउद्दीन अहमद १९१५ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. कलकत्त्याला परतल्यावर १९२० मध्ये त्यांनी महाविद्यालय काढलं आणि त्याचा खर्च भागवायला 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान थाटलं. इकडे गोड विकायचं आणि तिकडे किडलेले दात दुरुस्त करायला शिकवायचं, असा तो संसार.

सत्तर वर्षांनी नगर जिल्ह्यात जे घडलं तेही याच वळणाचं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. पुढे लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. कारखान्याच्या आसऱ्यानं शाळा आल्या, कॉलेजं आली, १९७२ मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट आला, १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि १९९० मध्ये ग्रामीण दंत महाविद्यालय. साखरेच्या गावात दातांचं कॉलेज निघालं, यावर विनोद करण्याचा मोह आवरलेला बरा. कारण या भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे दात एकट्या साखरेनं नेले नाहीत. त्यात मिश्रीचा वाटा आहे, तंबाखूचा आहे, आणि दुखला दात की उपटून टाका या जुन्या हिशेबाचाही आहे.

दंत महाविद्यालयात कवळीचं शिक्षण ज्या विभागात मिळतं त्याचं लांबलचक नाव प्रॉस्थोडोंटिक्स. मुलं नुसतं 'प्रॉस्थो' म्हणतात. कवळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दात येतात. प्रॉस्थोच्या मुलाला मात्र आधी दिसते ती दोन जबड्यांमधली रिकामी जागा. तोंडात दात असतात तोवर खालच्या जबड्याला कुठे थांबायचं ते सांगावं लागत नाही. दातावर दात बसला की झालं. बत्तिशी गेली की ही खूण पुसली जाते. कानांपुढच्या दोन सांध्यांवर लोंबकळणारा हा जबडा मग हवा तेवढा वर येतो, हवा तेवढा पुढे सरकतो. हनुवटी नाकाकडे निघते, गाल आत बसतात. कवळी काढून ठेवलेल्या गांधीजींचं बोळकं हसू फोटोंत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते हसू म्हणजे उंची हरवलेल्या चेहऱ्याचा उत्तम नमुना. कवळी करणाऱ्याला दात घडवण्याआधी ही हरवलेली जागा शोधावी लागते. जबडा किती उघडा होता (ही उंची म्हणजे 'व्हर्टिकल') आणि मागे-पुढे नेमका कुठे होता, या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजे 'जॉ रिलेशन', मुलांच्या भाषेत 'जेआर'. कवळीच्या इतिहासात हस्तिदंत, सोनं, रबर, प्लास्टिक यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. या दोन प्रश्नांबद्दल कमी. माझ्या मते खरा इतिहास त्यांचाच आहे, आणि तो फार हळू पुढे सरकलेला आहे.

पॅरिसचा पिएर फोशार हा आधुनिक दंतवैद्यकाचा आद्यपुरुष. त्यानं १७२८ मध्ये आपला मोठा ग्रंथ छापला. त्यातल्या कवळ्या स्प्रिंगांवर चालतात. वरची कवळी खाली पडू नये म्हणून वरच्या आणि खालच्या भागाला धातूच्या स्प्रिंगा जोडायच्या. त्या सतत दोन्ही भाग एकमेकांपासून दूर ढकलणार. म्हणजे तोंड मिटून बसायचं तर माणसानं दिवसभर स्प्रिंगांशी झुंजायचं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी हे भोगलं. १७८९ मध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्यानं त्यांना पाणघोड्याच्या दातापासून कवळी कोरून दिली आणि त्या शिल्लक दातासाठी तीत भोक ठेवलं. वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती ही निव्वळ दंतकथा. गिल्बर्ट स्टुअर्टनं १७९६ मध्ये काढलेल्या चित्रात त्यांचे ओठ फुगलेले आणि आवळलेले दिसतात. डॉलरच्या नोटेवर जो चेहरा आहे, तो त्याच चित्रकाराच्या हातचा. आजच्या परीक्षेत एखाद्या मुलानं असा चेहरा करून पेशंट दाखवला, तर परीक्षक पहिला प्रश्न विचारतील, 'व्हर्टिकल किती घेतलं रे?'

त्या काळात या प्रश्नाकडे नीट पाहिलं ते बर्लिनच्या फिलिप प्फाफनं. प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याचा तो दंतवैद्य. १७५६ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की मेणानं जबड्याचं माप घ्यावं, त्यात प्लास्टर ओतून ठसा काढावा, आणि मेणाचा गोळा रुग्णाला चावायला लावून दोन्ही जबड्यांचा मेळ टिपून घ्यावा. 'बाइट घेणं' म्हणतात त्याची ही पहिली लेखी नोंद. पद्धत ढोबळ, कारण मऊ मेण माणूस वाटेल तसं चावतो. पण जबड्यांचा संबंध तोंडाबाहेर काढून टेबलावर ठेवता येतो, ही कल्पना त्याची.

पुढची शंभर वर्षं दातांच्या पुरवठ्याच्या चिंतेत गेली. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरण्या शिपायांचे दात उपटून ते कवळ्यांसाठी विकले गेले. 'वॉटर्लू दात' या नावानं ते ओळखले जात. फिलाडेल्फियाच्या गार्डेट या दंतवैद्याची १८०० च्या सुमाराची गोष्ट सांगतात. एका बाईला त्यानं स्प्रिंगा न लावताच कवळी देऊन ठेवली, त्या नंतर लावू म्हणाला. काही महिन्यांनी गेला तर बाई तशीच कवळी घालून जेवत होत्या. नीट बसलेली वरची कवळी लाळेच्या पातळ थरावर आणि हवेच्या दाबावर टाळूला चिकटून राहते, हे असं कळलं. पण हस्तिदंत कोरून इतकी नीट बसणारी कवळी करणं फार थोड्यांना जमायचं.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दंतवैद्यानं हार्टफर्डमध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचाच दात काढून घेतला. दोन वर्षांनी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्यानं बोस्टनमध्ये गुंगीसाठी इथर देऊन दाखवलं. दात उपटणं सुसह्य झालं, तशी लोकांनी तोंडंच्या तोंडं रिकामी करून घेतली. दुसरीकडे चार्ल्स गुडइयरनं रबरात गंधक घालून ते तापवण्याची युक्ती शोधली होती. त्याचा भाऊ नेल्सन यानं १८५१ मध्ये त्याच वाटेनं कडक रबराचं पेटंट घेतलं. हे कडक रबर म्हणजे व्हल्कनाइट. प्लास्टरच्या साच्यात मऊ रबर दाबायचं, वाफेच्या भांड्यात तापवायचं, की टाळूच्या प्रत्येक सुरकुतीवर बसणारी कवळी तयार. रंग काळपट तांबडा, थोडा वास यायचा, पण किंमत सोन्याच्या पासंगालाही नाही. सामान्य माणसाच्या तोंडात कवळी पहिल्यांदा गेली ती या रबरानं.

रबरावर भांडणही तेवढंच मोठं झालं. कमिंग्ज नावाच्या दंतवैद्याला १८६४ मध्ये रबराच्या कवळीचं पेटंट मिळालं, ते गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीच्या हातात गेलं, आणि कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन अमेरिकाभर दंतवैद्यांच्या मागे लागला. परवान्याचं वार्षिक शुल्क द्या, वर प्रत्येक कवळीमागे पैसे द्या, नाहीतर कोर्टात या. १८७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंही पेटंट उचलून धरलं. सॅम्युएल चाल्फंट हा दंतवैद्य पैसे देईना. डेलावेअरहून सेंट लुइस, तिथून सॅन फ्रान्सिस्को असा तो पळत राहिला, बेकन मागोमाग. १३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाल्डविन हॉटेलात बेकनच्या खोलीत चाल्फंट पिस्तूल घेऊन गेला आणि गोळी सुटली. बेकन मेला. चाल्फंटला १० वर्षांची शिक्षा झाली. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि कंपनीनं नवं घेण्याचा नाद सोडला. एका कवळीच्या साहित्यापायी खून पडला, हे प्रॉस्थोच्या वर्गात कुणी सांगत नाही. सांगायला हवं, निदान मागच्या बाकावरची मुलं जागी राहतील.

या धामधुमीत जबड्याच्या प्रश्नाचं काय झालं? कवळी टाळूला घट्ट बसू लागली म्हणून तो जास्तच बोचू लागला. घट्ट बसलेली कवळी चुकीच्या चाव्यावर बसवली, तर प्रत्येक घासाला ती जागची हलणार आणि हिरडी सोलणार. डेलावेअरच्या विल्यम बॉनविलनं जबडे मोजून सांगितलं, की दोन्ही सांधे आणि खालच्या पुढच्या दातांमधला मधला बिंदू जोडले, तर सुमारे ४ इंच बाजूचा समभुज त्रिकोण होतो. त्या त्रिकोणावर त्यानं १८५८ मध्ये आर्टिक्युलेटर बेतलं. म्हणजे वरचा आणि खालचा प्लास्टरचा जबडा बसवून चावा तपासायचं बिजागरी यंत्र. सगळ्यांचे जबडे असे सुबक त्रिकोणाचे नसतात, हे लवकरच उघड झालं. पण लोणीच्या दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलं ज्या मीन व्हॅल्यू, म्हणजे सरासरी मापांच्या, आर्टिक्युलेटरवर पहिली कवळी मांडतात, त्याच्या पोटात बॉनविलचा तो त्रिकोण अजून आहे. १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफलोच्या स्नोनं फेसबो आणला. चेहऱ्यावर बसणारी ही चौकट वरचा जबडा सांध्यांपासून किती लांब आहे ते उचलून थेट यंत्रावर नेते.

या सगळ्यात मला सर्वांत देखणा वाटतो तो झुरिकच्या आल्फ्रेड गिझीचा प्रयोग, १९१० च्या सुमाराचा. एका जबड्यावर बारीक सुई बसवायची, दुसऱ्यावर काजळी धरलेली पट्टी. रुग्णानं खालचा जबडा मागे न्यायचा, पुढे न्यायचा, उजवीकडे, डावीकडे. सुई काजळीत रेघा ओढते आणि त्या एका टोकाशी मिळतात. नगरच्या निजामशाही फराहबागेतली टोकदार कमान जशी दोन्ही बाजूंनी वर येऊन एका बिंदूवर भिडते, तशी ही आकृती. त्या कमानीचं टोक म्हणजे जबडा मागच्या बाजूला जिथे विसावतो ती जागा, म्हणजेच 'सेंट्रिक'. तिथे पोचल्यावर पुन्हापुन्हा तीच जागा मिळते. दात नसलेल्या तोंडात पुन्हापुन्हा सापडणारी अशी जागा हीच एक, म्हणून सगळी भिस्त तिच्यावर. तिची व्याख्या मात्र तज्ज्ञ बदलत राहिले. प्रॉस्थोच्या पारिभाषिक शब्दांचा अमेरिकन कोश १९५६ मध्ये निघाला तेव्हा ती जबड्याची 'सर्वांत मागची' स्थिती होती. १९८७ च्या आवृत्तीत सांध्याचा गोळा 'वर आणि पुढे' आला. दरम्यान घडलेल्या कवळ्यांवर लोक जेवतच होते.

१९२६ मध्ये, म्हणजे भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं त्याच वर्षी, रुडॉल्फ हानाऊनं दाताचा दाताशी मेळ कसा बसतो याचे नियम मांडले. हा मूळचा इंजिनिअर. पण त्यानं एक गोष्ट कळकळीनं सांगितली, की हिरडी दगड नव्हे. ती दबते, उसळते, आणि यंत्रावरचं सगळं गणित तिथे थोडं सुटतं. १९३७ पासून कवळीसाठी अॅक्रिलिक आलं आणि दहा वर्षांच्या आत व्हल्कनाइट मागे पडलं. अॅक्रिलिकचं पीठ आणि द्रव कालवून फ्लास्कमध्ये दाबतात आणि गरम पाण्यात शिजवतात. ७४ अंश सेल्सिअसला आठ तास ही एक रूढ रीत. घाई करून एकदम उकळलं, तर द्रव आतल्या आत उकळून कवळीला जाळी पडते.

भारतात १९४८ मध्ये दंतवैद्यक कायदा आला तेव्हा नोंदणीची दोन दप्तरं झाली. 'अ' भागात पदवीधर. 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरत आलेले. कायद्यानं त्यांना एका फटक्यात घरी बसवलं नाही, कारण पदवीधर होतेच किती? मुंबईतल्या आजच्या नायर दंत महाविद्यालयाची सुरुवात १९३३ ची. मराठवाडा, खानदेश, नगर इथल्या खेड्यांना त्याचा उपयोग जवळजवळ नव्हता. बाजारच्या दिवशी चादर पसरून तयार कवळ्या मांडणारा दातवाला हाच गावाचा प्रॉस्थोडोंटिस्ट. त्याची पद्धत सोपी. त्यातली एखादी तोंडात बसली तर बसली. व्हर्टिकल आणि सेंट्रिकच्या दोनशे वर्षांच्या खटाटोपाला तिथे जागाच नव्हती.

म्हणूनच ऊसपट्ट्यातल्या कॉलेजच्या ओपीडीत आज जे चालतं ते पाहण्यासारखं असतं. शेलॅकच्या पातळ पत्र्यावर मेणाची जाड कड चढवलेली असते. तिला रिम म्हणतात. वरचा रिम आधी बसवायचा. नाकपुडीपासून कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यापर्यंत जी कल्पित रेघ जाते तिला समांतर, आणि समोरून पाहिलं तर दोन्ही बुबुळांना समांतर. मग नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे पेननं दोन ठिपके. कवळीसाठी आलेल्या आजी निवांत बसल्या, ओठ हलकेच मिटले, की ठिपक्यांमधलं अंतर मोजायचं. निस्वॉंगरनं १९३४ मध्ये सांगितलेली ही रीत. या विश्रांतीच्या उंचीतून दोन ते चार मिलिमीटर वजा केले की चाव्याची उंची मिळते, कारण निवांत असताना दात एकमेकांना लागत नाहीत.

कागदावर सोपं. खुर्चीत बसलेल्या आजी डॉक्टरांच्या भीतीनं ओठ आवळून धरतात, आणि पहिलं माप तिथेच चुकतं. 'आजी, घरी कोण कोण असतं?' असं विचारून प्रॉस्थोची मुलगी त्यांना बोलतं करते, बोलणं थांबलं की झटकन पट्टी लावते. नंतर 'साठापासून पुढे मोजा बरं.' आजी एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणू लागतात. स काढताना दात अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत. सिल्व्हरमननं १९५० च्या दशकाच्या आरंभी हेच अंतर मोजायला शिकवलं. रिम खटखट वाजले म्हणजे उंची जास्त झाली. इंग्रजी पुस्तकं यासाठी सिक्स्टी-सिक्स म्हणायला लावतात. आपली साठीनंतरची उजळणी त्याहून सरस आहे. पुस्तकातली फ ची परीक्षा मात्र इथे फसते. वरचे पुढचे दात खालच्या ओठाला कुठे टेकतात ते तिच्यावरून पाहायचं असतं, पण ज्यांचा फ दोन्ही ओठांनी निघतो त्या माणसाचे दात ओठाला टेकणारच नाहीत.

सर्वांत अवघड सेंट्रिक. वर्षानुवर्षं बिनदातांनी भाकरी कुस्करून खाल्लेल्या माणसाला जबडा पुढे काढायची सवय झालेली असते. 'आता दात मिटा' म्हटलं की आजी निष्ठेनं हनुवटी पुढे आणतात.

'असं नाही आजी. जिभेचं टोक उलटं करून मागं टाळूला लावा. हां. आता तसंच ठेवून मिटा.'

'जीभ मागं गेली तर मिटू कशी गं?'

'मिटतंय बघा. आवंढा गिळा.'

तीन-चारदा करून जबडा त्याच जागी येतो असं दिसलं, की स्टेपलरच्या पिना ज्योतीवर तापवून दोन्ही रिम एकमेकांना डागायचे आणि सगळं एकसंध बाहेर काढायचं. प्फाफचं मेण, निस्वॉंगरचे ठिपके, सिल्व्हरमनचा स असं सगळं मिळून निघालेला हा निकाल एका तळहातावर मावतो. खाली ठेवताना पिन निसटली, तर पुन्हा पहिल्यापासून.

रुग्णाच्या स्वभावालाही या शास्त्रात जागा आहे. एम. एम. हाऊसनं कवळी घेणाऱ्यांचे चार वर्ग केले: समजूतदार, काटेकोर, बेफिकीर आणि घाबरट. आपल्याकडे पाचवा सहज निघेल, मुलानं जबरदस्तीनं आणलेला. तो प्रत्येक टप्प्याला 'चाललं तर चाललं' म्हणतो आणि कवळी मिळाल्यावर ती कपाटात ठेवतो.

तक्रार बहुतेक खालच्या कवळीची असते. वरची बसते, खालची नाचते. वरच्या जबड्यात कवळी टेकायला साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा असते, खालच्यात १२ च्या आसपास. शिवाय मध्ये जीभ. त्यात हाड झिजत राहतं. आंत्ये टालग्रेन या संशोधिकेनं कवळी घालणाऱ्यांचा २५ वर्षं माग काढून १९७२ मध्ये दाखवलं, की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं आणि झीज पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते. म्हणजे आज अचूक घेतलेली उंची काही वर्षांनी अचूक राहत नाही. २००२ मध्ये मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं, की बिनदातांच्या खालच्या जबड्यासाठी नुसत्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हीच पहिली निवड असावी. टायटॅनियमच्या त्या दोन खुंट्यांचा खर्च ऊसतोडीला जाणाऱ्या घराला झेपत नाही. ज्यांना झेपतो त्यांनाही जॉ रिलेशन टळत नाही. रिम करावेच लागतात, ठिपके द्यावेच लागतात. फरक इतकाच की इम्प्लांटवर चुकलेला चावा हिरडीला लवकर बोचत नाही. तो आधी खुंटीचा स्क्रू सैल करतो.